भुंग्याला उठवायचं कोणी?

साडेबाराला पाळणाघराचे पडदे ओढले जात. एक निळा, एक पिवळा आणि तिसरा कधीकाळी हिरवा असावा असा. पडदे ओढून झाले की थोपटमावशी मनगटावरचं घड्याळ काढून एप्रनच्या खिशात टाकायची, कारण पट्ट्याचं बक्कल मुलांच्या पाठीला टोचतं. मग बारा गाद्यांच्या मधल्या पट्टीत ती बसकण मारायची आणि उजवीकडे एक हात, डावीकडे एक हात, असं थोपटायला लागायची.

तिची एक रीत होती. सगळ्यात लवकर झोपणाऱ्या मुलाला ती आधी घ्यायची, सगळ्यात हट्टी मूल शेवटी. नव्या आलेल्या शिक्षिका नेमकं उलटं करत. रडणाऱ्याला आधी उचलत, त्याच्याभोवती नाचत, आणि मग अर्धं पाळणाघर रडायला लागे. मावशी त्यांना म्हणायची, "झोप पसरते गं. आधी कुठेतरी ती लागू दे तर खरी."

मांडीवर ती कुणालाच झोपू द्यायची नाही. पेंगेपर्यंत मांडीवर, आणि डोळे पुरते मिटायच्या आत गादीवर. "मांडीवर झोपलं आणि गादीवर जाग आली, तर लेकरू घाबरतं. आपण झोपलो कुठं आणि उठलो कुठं, याचा त्याला मेळ लागत नाही." मग पाठीवर हात. आधी जरा भरभर, मग मुलाच्या श्वासाच्या चालीनं, मग त्याहून संथ. मग हात नुसता ठेवलेला. मग त्या हाताचं वजन थोडं थोडं कमी करत, एकेक बोट उचलत, हात बाजूला. "हात ठेवणं कुणालाही येतं," ती सांगायची. "उचलायचा कसा ते शिकायला मला चार वर्षं लागली."

ती चार वर्षं पाळणाघरातली नव्हती, घरातली होती. नवरा गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी. घर एका खोलीचं, आणि त्यात तान्ही लेक. नवरा सकाळी येऊन आडवा व्हायचा आणि तो झोपलेला असताना लेकीनं आवाज करून चालायचं नाही. म्हणून मावशी तिला दुपारी झोपवायला शिकली. लेक जितकी जास्त झोपेल तितका नवरा झोपेल, हे तेव्हाचं गणित. पुढे लेक मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, आणि आईच्या हातात हे कसब तेवढं राहिलं. एकवीस वर्षांपूर्वी ती पाळणाघरात झाडलोटीला लागली होती. एका दुपारी कुणालाच न आवरणारं एक मूल तिनं केरसुणी बाजूला ठेवून झोपवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून झाडायला दुसरी बाई आली.

पाळणाघर चालवणाऱ्या ताई नव्या आईबापांना मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "आमच्याकडे मुलं अडीच तास झोपतात. घड्याळ लावून बघा." एकदा झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, हा तिथला नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण दारावरच्या बेलला दुपारी फडकं गुंडाळलेलं असायचं, त्यावरून कळायचं.

एक वाजता बाराही जण गार झाले की मावशी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात पाठ टेकायची आणि दीड-दोन तास तिचाही डोळा लागायचा. ताई आणि शिक्षिका दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत असत, त्यांना हे ठाऊक होतं, आणि त्या काही बोलायच्या नाहीत.

तिची रात्र ती तेवढीच.

कारण नवरा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता, पण त्याची रात्रपाळी संपली नव्हती. एकतीस वर्षांची सवय. सकाळी दहाला अंथरुणावर पडायचा तो पाचला उठायचा, आणि रात्री दोन खोल्यांच्या घरात गस्त घालायचा. दीडला दाराची कडी तपासायची, अडीचला पुन्हा. मध्येच चहा टाकायचा, आणि चहा टाकला की झाकण पडायचंच. थोपटमावशी उशीत तोंड खुपसून म्हणायची, "अहो, चोरानं यावं असं या घरात आहे काय?"

"तू आहेस की," तो म्हणायचा.

"दिवसभर घोरत पडल्यावर रात्री झोप येणार कुठून? दुपारी जागे राहा म्हणून कितींदा सांगितलं."

"सांगितलंस खरं," तो म्हणायचा, आणि कडी बघायला जायचा.

तर अशी ही थोपटमावशी. अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे बोलायला लागलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि दुसऱ्यांची मुलं झोपवण्यात हात धरणारं कुणी नाही. तिची भुंग्याशी गाठ पडायचा प्रसंग आला तो तिच्या एकवीस वर्षांत पहिलाच म्हणायचा.

भुंगा सव्वादोन वर्षांचा. झोपण्याआधी नाकातून बारीक गुणगुण करायचा म्हणून मावशीनंच ते नाव ठेवलेलं. आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची, वडील लांबच्या शहरात कामाला, महिन्यातून एकदा येणारे. सकाळी आठला ती भुंग्याला खांद्यावर घेऊन यायची. तो झोपलेला, आणि ती उभ्या उभ्या झोपल्यासारखी.

"रात्री किती वाजता झोपला?" मावशीनं एकदा विचारलं.

"बारा वाजून गेले होते. रोजचंच आहे." तिनं जांभई तोंडातच दाबली. "मावशी, तुम्ही करता काय नेमकं? मीपण थोपटते हो. तास तास थोपटते. हात गळून जातो आणि हा माझ्याकडे बघून हसतो."

मावशीनं तिला रीत समजावली. रोज संध्याकाळी तीच कामं, त्याच क्रमानं. जेवण, कोमट पाण्यानं अंघोळ, कपडे बदलणं, एकच गोष्ट. दिवा बारीक. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पेंगायला लागला की गादीवर, मग हात. भुंग्याची आई मान हलवत ऐकत होती. कॉलरची टोकं मोजावीत तसं ती एकेक बोट दुमडत होती.

आठवड्यानं ती परत तशीच आली.

"सगळं केलं, मावशी. अंघोळ, दिवा, गोष्ट. गोष्ट सांगता सांगता साडेनऊला मीच झोपले. जाग आली तर हा गादीवर नाही. भांड्यांच्या कपाटात बसला होता, पातेलं डोक्यावर घालून."

शिक्षिका हसली. ती आईसुद्धा हसली, पण तिचं हसू लवकर संपलं. "इथे कसा पंधरा मिनिटांत झोपतो. माझाच हात चांगला नसेल."

यावर काही बोलता आलं असतं. मावशी नुसतं म्हणाली, "जमेल हळूहळू." आणि खरं सांगायचं तर तिला आतून थोडं बरंच वाटलं. सख्ख्या आईला जमत नाही ते आपल्याला जमतं, याचं सुख वाईटच, पण दमलेल्या माणसाला मिळेल ते सुख पुरतं. त्या दुपारी तिनं भुंग्याला जास्तच मायेनं थोपटलं. तो चार वाजेपर्यंत झोपला.

त्याच रात्री नेहमीप्रमाणे झाकण पडलं आणि ती उठून बसली. आता जागीच आहोत तर काहीतरी बोलावं म्हणून तिनं नवऱ्याला भुंग्याची हकीकत सांगितली. पातेल्याची गोष्ट ऐकून तो हसला. मग चहा ढवळत त्यानं विचारलं, "दुपारी उठतो किती वाजता पोरगा?"

"साडेतीन. कधी चार."

तो बराच वेळ ढवळत राहिला. "म्हणजे त्याचीपण नाइट ड्यूटीच की."

त्यानं आणखी काही म्हटलं असतं तर मावशीला भांडता आलं असतं, पण तो कप घेऊन कडी बघायला गेला. ती अंधारात बसून राहिली. नवऱ्याला दोन वर्षं जे रोज ऐकवत होतो, ते आपल्याच हाताखालच्या मुलाबद्दल एकदाही मनात येऊ नये? भुंगा लहान होता तेव्हा ठीक होतं, तेव्हा त्याला तेवढी झोप लागायची. आता तो दोन वर्षांच्या पुढे गेला. एका दिवसात जेवढी झोप मावते त्यातली अर्धी ती दुपारीच संपवून टाकत होती, आणि उरलेली न पुरणारी त्याच्या आईच्या पदरात टाकून मोकळी होत होती.

उत्तर सापडलं होतं. तरी दोन दिवस ती गप्प राहिली. भुंग्याला दोनला उठवायचं तर त्याच्यापाशी कुणीतरी जागं हवं. ताई फोनवर, शिक्षिका उद्याची चित्रं कापत बसलेली. उरली कोण? कपाट आणि भिंतीमधला तो कोपरा डोळ्यांसमोर आला की मावशीचं धैर्य व्हायचं नाही. चोवीस तासांतले तेवढेच दोन तास तिचे होते. ते कुणाला द्यायचे म्हणजे गंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी भुंग्याची आई संध्याकाळी आली ती दारातच पायरीवर बसली. सकाळच्या पाळीत पेंग आली आणि तिनं चाळीस शर्टांच्या कॉलरी उलट्या बसवल्या होत्या. चाळीस झाल्यावर पुढच्या टेबलावरच्या बाईच्या लक्षात आलं. "सुपरवायझर ओरडला असता तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "तो नुसतं म्हणाला, महिनाभर बघू. नाहीतर मशीन सोडून धागे कापायला बसायचं, नाहीतर घरी."

मावशी तिच्या शेजारी पायरीवर बसली. गुडघ्यांनी तक्रार केली.

"एक सांगते. रागावलीस तरी चालेल. तुझा हात चांगला आहे."

"काय?"

"हाताचा प्रश्नच नव्हता कधी. मीच त्याला दुपारी जास्त झोपवत होते. रात्रीसाठी काही ठेवतच नव्हते."

ती आई रागावली नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. "मग आता?" एवढंच म्हणाली.

"आता मी त्याला उठवते," मावशी म्हणाली. म्हणताना तिला जाणवलं की हे काम आपल्याला येत नाही.

आणि खरंच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता तिनं भुंग्याला गाढ झोपेतून सरळ उचललं. क्षणभर तो गप्प राहिला, नुसता श्वास घेत, आणि मग त्यानं जो गळा काढला त्यानं अकराही गाद्या हलल्या. ताई धावत आल्या. शिक्षिकेच्या हातातली कात्री तशीच. बारा मुलं एका सुरात, आणि मधोमध थोपटमावशी, एकवीस वर्षांत पहिल्यांदा काय करावं ते न सुचलेली.

"मावशी, अहो तुम्हीसुद्धा?" ताई म्हणाल्या. "मी आईबापांना काय सांगू? आमच्याकडे मुलं एक तास झोपतात आणि एक तास रडतात?"

भुंगा संध्याकाळभर चिडचिडला, घरी जाताना सहा वाजता आईच्या खांद्यावर झोपला, आणि रात्री एकपर्यंत जागा राहिला. सकाळी त्याच्या आईनं हे सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती, नुसती बातमी होती. ते जास्त लागलं.

मावशी दिवसभर विचार करत राहिली. झोपवताना आपण कधी घाई करतो का? मग उठवताना कशाला केली? त्या दिवसापासून तिनं घड्याळ हातात धरून काम सुरू केलं. सुरुवातीला नेहमीच्या साडेतीनपेक्षा फक्त पंधरा मिनिटं आधी. दोन दिवस तेच. मग आणखी पंधरा. भुंग्याची गादी तिनं खिडकीच्या कोपऱ्यात हलवली, आणि वेळ झाली की आधी तिथला हिरवा पडदा चार बोटं सरकवायची. उजेड त्याच्या पायांवर पडायचा. काही वेळानं गुडघ्यांवर. मग ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची, पण उलट्या क्रमानं. आधी एक बोट, मग दुसरं, मग सगळा हात, मग हाताचं वजन, मग अगदी संथ थोपटणं, मग जरा भरभर. भुंगा गुणगुणायला लागायचा. झोपेत शिरताना गुणगुणायचा तसाच तो बाहेर येतानाही गुणगुणतो, हे तिला इतक्या महिन्यांत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला ती जागी कुठे होती?

आईला तिनं बजावलं, "घरी जाताना खांद्यावर घ्यायचं नाही. चालव. वाटेतली मांजरं मोजायला लाव."

"मांजरं दोनच आहेत वाटेत."

"मग तीच दोनदा मोजा."

मावशीनं मात्र एक हिशेब केला नव्हता, तो स्वतःच्या अंगाचा. दुसऱ्या आठवड्यात भुंगा सव्वादोनला उठायला लागला. ती त्याला घेऊन व्हरांड्यात बसायची, ठोकळे पुढ्यात ठेवून. पाठ मोडल्यासारखी व्हायची. एकदा तो ठोकळ्यांवर ठोकळे रचत होता, ती बघत होती, आणि पाहता पाहता ठोकळे धूसर झाले. जाग आली ती ताईंच्या आवाजानं.

"मावशी."

भुंगा समोर नव्हता. फाटकाची कडी लागलेली होती म्हणून बरं. तो नळाखालच्या टबापाशी उकिडवा बसून बाराही मुलांचे बूट जोडीजोडीनं पाण्यात सोडत होता. अकरा जोड झाले होते, बारावा हातात होता.

ताईंनी आधी मुलाला उचललं, मग बूट बाहेर काढले. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस तिखट बोलतं. "टब रिकामा ठेवायला हवा होता, ती चूक माझी. पण मावशी, असं असेल तर तुम्हालाच उठवायला एक माणूस ठेवावं लागेल. हे बंद करा, नाहीतर मला दुसरा विचार करावा लागेल." टब त्यांनी तिथल्या तिथे पालथा घातला.

बंद करणं सोपं होतं. पडदा ओढायचा, हात ठेवायचा, चार वाजेपर्यंत सगळे गार. पण तिकडे महिना संपायला तेरा दिवस उरले होते, आणि भुंगा आदल्या रात्री साडेदहाला झोपला होता. बारावरून साडेदहा. त्या आईनं हे सांगताना दाराची चौकट धरली होती, जसं काही ती बातमी हातातून सांडेल.

त्या रात्री मावशी नवऱ्याशी भांडली नाही. नुसतं सांगितलं. बूट, पाणी, ताईंचं बोलणं.

नवरा कडीपाशी उभा होता. "दोन ते साडेतीन?" त्यानं विचारलं.

"काय दोन ते साडेतीन?"

"माणूस हवाय ना तुमच्या फाटकावर."

"तुम्ही त्या वेळी घोरत असता."

"एकतीस वर्षांत खुर्चीत डोळा लागला नाही माझा. अंथरुणात लागतो. खुर्ची द्या म्हणावं."

ताईंनी आधी नाही म्हटलं, मग मावशीच्या नवऱ्याला दोनदा नीट न्याहाळलं, मग म्हणाल्या, "दार उघडं राहील आणि शिक्षिका दाराशी बसून कापकाम करेल. चहा मिळेल, बाकी काही नाही." नवरा म्हणाला की पहाऱ्यावर चहाच लागतो.

पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. डोळे लाल, चालणं तिरकं. त्याच्या मापानं ती मध्यरात्र होती. भुंग्यानं त्याला बघून ओठ काढले. त्यानं भुंग्याशी लाडिक बोलायचा प्रयत्नच केला नाही. सरळ म्हणाला, "चला साहेब, राउंड." आणि फाटकाकडे निघाला. भुंगा थोडा वेळ उभा राहिला, मग मागे मागे गेला. फाटकाची कडी बघितली. मागच्या दाराची बघितली. खिडकी बघितली. परत खुर्ची. दहा मिनिटांनी पुन्हा राउंड. भुंग्याला याहून चांगला खेळ आजवर कुणी दिला नव्हता.

तीन-चार दिवसांनी मावशी रात्री दीडला जागी झाली, कसला आवाज झाला म्हणून नाही, झाला नाही म्हणून. नवरा शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. तिनं उठून कडी बघितली. लागलेली होती. मग बराच वेळ तिला झोप लागली नाही.

महिना संपला त्या संध्याकाळी भुंग्याची आई चालत आली, घाईनं नाही. सुपरवायझरनं तिला काही सांगितलं नव्हतं. "नुसतं उद्याच्या कॉलरींचा गठ्ठा माझ्या मशीनवर आणून ठेवला," ती म्हणाली. भुंगा आता नऊ-सव्वानऊला झोपतो. रोज नाही, परवा पुन्हा अकरा वाजवले होते. ती अजून दमलेलीच दिसत होती. मागची झोप काही कुणी परत आणून देत नाही. पण ती उभी होती ती डोळे उघडे ठेवून.

"काल काय झालं सांगू?" जाता जाता ती म्हणाली. "त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि उचलला. एकेक बोट. उठला नाही."

"हं," मावशी म्हणाली. मग पडदे गोळा करायला आत वळली, कारण डोळ्यांत पाणी आलं की तिला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोनला चार बोटं पडदा सरकवला, भुंग्याला उठवलं, त्याचं तोंड पुसलं आणि व्हरांड्यात नेऊन सोडलं. परत येऊन कपाट आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात बसली. अकरा मुलांचा श्वास वर-खाली होत होता. दाराआडून दबके आवाज येत होते.

"कडी?"

"लावी."

"मागची?"

थोडा वेळ काहीच नाही, मग धावत गेलेली आणि धावत आलेली छोटी पावलं. "लावी."

मावशीनं एप्रनच्या खिशातलं घड्याळ चाचपलं. साडेतीनला अजून वेळ होता. तिनं डोकं भिंतीला टेकलं.